उजनीच्या माशांचा हिशेब

बारामती-इंदापूरचा मुलूख हिशेबाला पक्का आहे. कऱ्हा आणि नीरा यांच्या काठचा शेतकरी कारखान्याला ऊस घालतो तेव्हा वजनकाट्याची पावती मागून घेतो. उतारा किती पडला, पहिली उचल किती मिळाली, अंतिम दर काय निघाला, यावर गावोगावच्या पारांवर आणि कारखान्यांच्या वार्षिक सभांत तासन्‌तास वाद झडतात. वाडीवस्तीवरच्या दूध संकलन केंद्रात सकाळ-संध्याकाळ प्रत्येक किटलीतल्या दुधाचे फॅट मोजले जाते आणि त्याची नोंद उत्पादकाच्या नावावर होते. परंतु याच इंदापूर तालुक्याच्या उत्तर अंगाला भीमेच्या पात्रात उजनी धरणाचे जे अफाट पाणी पसरले आहे, त्यातून दररोज निघणाऱ्या माशांचा हिशेब कोणत्याही पारावर वाचून दाखवण्याची रीत नाही. मासा किती निघाला, कोणत्या आकाराचा निघाला, बीज किती सोडले गेले, ठेक्याचे वा परवान्याचे पैसे कोठे गेले आणि ज्या पाण्यात हा मासा वाढला त्या पाण्यात वरून काय काय येऊन मिसळले, हे जाणण्याचा अधिकार ज्यांना सर्वप्रथम असावयास हवा, ते काठावरचे श्रमिकच याबाबत अंधारात आहेत.

पर्यावरणाची जबाबदारी हा शब्द अलीकडे सरकारी भाषणांत फार सैलपणे वापरला जातो. मच्छीमाराने जबाबदारीने मासे धरावेत, असा उपदेश केला जातो आणि तो अयोग्यही नाही. परंतु जबाबदारी ही हिशेबाची धाकटी बहीण आहे. जेथे हिशेब उघडा नाही, तेथे जबाबदारी नेहमी सर्वांत दुबळ्या माणसाच्या खांद्यावर जाऊन पडते. उजनीच्या काठावर नेमके हेच घडत आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न समाजवादी चळवळीचा आहे.

बुडालेल्या गावांवरचे पाणी

उजनी धरणाचे काम १९६६ साली सुरू झाले आणि १९८० साली पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठवणाऱ्या या जलाशयास पुढे ‘यशवंतसागर’ हे नाव मिळाले. साठ्यापैकी ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठा म्हणून धरले जाते. फुगवट्याचे पाणी पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत पसरलेले आहे. त्याखाली भीमाकाठची काळीभोर जमीन गेली, गावठाणे गेली, देवळे गेली. दुष्काळाच्या वर्षी पाणी ओसरले की जुन्या पळसदेवचे मंदिर उघडे पडते आणि शहरांतून माणसे ते पाहावयास येतात. ज्यांची घरे त्या मंदिराच्या आसपास होती, त्यांना मात्र ते दृश्य निराळे काही सांगते.

उजनीच्या विस्थापितांना न्याय मिळावा म्हणून लढे झाले, आणि धरणग्रस्तांच्या लढ्यांतून ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ हा विचार महाराष्ट्रात रुजला. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली झाला, तोवर भीमेचे पात्र अडवण्याचे काम दहा वर्षे चालू होते. जमीन गेलेल्या अनेक कुटुंबांनी पुढे पाण्यावरच पोट भरण्याचा मार्ग शोधला. भोई, कोळी, कहार या परंपरेने मासेमारी करणाऱ्या जमातींच्या जोडीला कालचा शेतकरीही होडीत बसला. ज्या पाण्याने त्याची शेती घेतली, त्याच पाण्याने त्याला मासा दिला. उजनीतील मासेमारीचा हक्क हा कोणाच्या मेहेरबानीचा विषय नसून बुडालेल्या जमिनीच्या मोबदल्याचाच एक भाग आहे, हे या प्रश्नाचा विचार करताना प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

संकटे तीन, आरोपी एक

आज या जलाशयातील मत्स्यसंपत्तीवर तीन संकटे एकाच वेळी कोसळलेली आहेत.

पहिले संकट वरून येते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महानगरांचे सांडपाणी मुळा, मुठा, पवना आणि इंद्रायणी यांच्या वाटेने भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरते. या सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांच्यावर शेवाळ माजते आणि पाणी हिरवे पडते. हे शेवाळ रात्री पाण्यातील प्राणवायू ओढून घेते, आणि ते मरून कुजू लागले की उरलासुरला प्राणवायूही संपतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ साली देशातील ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यांपैकी ५५, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, महाराष्ट्रातील होते. भीमा, मुळा आणि मुठा या नद्या त्या यादीत होत्या. पुण्यातील सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या कर्जसाहाय्याने ११ केंद्रे उभारण्याचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. त्याची ठरलेली मुदत केव्हाच उलटून गेली. महानगरात नळाची कळ फिरवणारा आणि भिगवणजवळ जाळे ओढणारा, या दोघांना जोडणारी ही नदी आहे. पण त्यांपैकी एकालाच तिची दुर्गंधी सोसावी लागते. सोलापूर शहर याच जलाशयाचे पाणी पिते, ही गोष्ट तर निराळ्याच लेखाचा विषय होईल.

दुसरे संकट बाहेरून आलेल्या माशांचे आहे. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतील मासा १९५२ साली भारतात आणला गेला. स्वस्त प्रथिनांचा पुरवठा होईल, हा त्यामागील हेतू वाईट नव्हता. पण वर्षातून अनेक वेळा पिलावळ देणारा आणि घाण पाण्यातही तग धरणारा हा मासा उजनीत असा माजला की मरळ, वाम, शिंगटा यांसारखे नदीचे मूळचे मासे मागे हटत गेले. आज काठावरच्या बाजारात ढीग दिसतो तो चिलापीचाच. दूषित पाणी आणि चिलापी ही दोन संकटे वेगळी नाहीत. पाणी जितके बिघडते तितके चिलापीचे फावते. त्यात भर म्हणून उजनीकाठच्या तळ्यांत आफ्रिकी मांगूर पाळण्याचे प्रकार उघडकीस आले. हा मासा कुजके मांसही खातो आणि तळ्यातून निसटून जलाशयात शिरला तर इतर माशांचा फडशा पाडतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली मांगूर नष्ट करण्याचे आदेश दिले, त्यानंतर तळी उपसण्याच्या कारवाया झाल्या. परंतु अशा तळ्याला भांडवल कोणाचे, खाद्य कोणाचे आणि माल कोणत्या बाजारात गेला, या प्रश्नांची उत्तरे जनतेपुढे आली नाहीत.

तिसरे संकट जाळ्याचे आहे. काठावरचे लोक ज्याला ‘वडाप’ म्हणतात, त्या बारीक आसाच्या जाळ्यांनी बोटभर लांबीची पिलेही ओढून काढली जातात. जो मासा सहा-आठ महिन्यांनी किलोचा झाला असता, तो आज मूठभर वजनात, कवडीमोल भावाने जातो. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की मासा उरलेल्या डोहांत दाटतो आणि हा संहार वाढतो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे ६० टक्क्यांच्या आसपास उतरला होता. अशा वेळी जो मासा धरला जातो, तो पुढच्या पावसात अंडी घालणारा मासा असतो.

या तीन संकटांपैकी कायद्याचा बडगा कोणावर उगारला जातो, हे पाहण्यासारखे आहे. जाळी जप्त होतात, जाळली जातात, होडीवाल्यांवर गुन्हे नोंदवले जातात. वृत्तपत्रांत जळत्या जाळ्यांची छायाचित्रे येतात. महानगरांच्या नाल्यांचा पंचनामा मात्र या थाटाने कधी होत नाही. प्रदूषण करणाऱ्याने त्याची किंमत मोजावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच मान्य केले. उजनीत ती किंमत प्रदूषण सोसणाराच मोजतो आहे.

याचा अर्थ बारीक आसाच्या जाळ्याचे समर्थन करावे, असा नव्हे. गरिबाच्या हातून झालेला निसर्गाचा नाश हा नाशच असतो आणि त्याचा पहिला बळीही गरीबच असतो. परंतु बारीक जाळे माणूस हौसेने टाकत नाही. होडी आणि जाळे घेण्यासाठी ज्याने व्यापाऱ्याकडून उचल घेतली आहे, त्याला मासा त्याच व्यापाऱ्याला, त्याच्या भावाने घालावा लागतो. आठवड्याची फेड चुकवता येत नाही. मोठा मासा मिळेना झाला की तो लहान मासा धरतो, आणि लहान मासा धरल्यामुळे पुढल्या वर्षी मोठा मासा आणखी कमी होतो. ऊसतोड मजुराच्या उचलीचे दुष्टचक्र ज्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चक्र समजावून सांगण्याची गरज नाही. नुसती जाळी जाळून ते तुटत नाही. उलट, जळालेल्या जाळ्याच्या जागी नवे घेण्यासाठी आणखी एक उचल घ्यावी लागते.

अंधारात कोणाचे भले होते?

उजनीचे पाणी जलसंपदा खात्याचे, मासा मत्स्यव्यवसाय खात्याचा, लिलाव बाजार समितीच्या आवारातला आणि प्रदूषण प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, अशी वाटणी आहे. त्यातही जिल्हे तीन. परिणामी प्रत्येक कार्यालयाकडे एकेक तुकडा आहे आणि संपूर्ण चित्र कोणाकडेच नाही. ज्या व्यवस्थेत कोणीच पूर्ण पाहू शकत नाही, त्या व्यवस्थेत लबाडी करणे सोपे आणि पकडणे अवघड असते.

मत्स्यबीजाचेच उदाहरण घ्यावे. कटला, रोहू, मृगळ या माशांची वाढ जलाशयात चांगली होते, पण साठलेल्या पाण्यात त्यांची वीण नीट होत नाही. म्हणून दरसाल बोटुकली सोडावी लागते. आता, पाण्यात सोडलेली बोटुकली पुन्हा मोजता येत नाही. रस्त्यावर खडी कमी पडली तर खड्डा दिसतो. बीज कमी पडले तर पाण्याच्या पृष्ठभागावर काहीही दिसत नाही. सार्वजनिक पैशाच्या ज्या खर्चाची तपासणी मागाहून करता येत नाही, तो खर्च करतेवेळीच लोकांच्या डोळ्यांदेखत झाला पाहिजे, हा साधा नियम आहे. तरीही बीज सोडण्याचे कार्यक्रम पुढाऱ्यांच्या हस्ते होतात आणि मोजणी मात्र मच्छीमारांच्या समक्ष होत नाही, अशी स्थिती असेल तर संशयाला जागा राहणारच.

अधिकारी यावर म्हणतात की मासा अनेक ठिकाणी काठाला लागतो, त्याची मोजदाद अशक्य आहे. हा युक्तिवाद इंदापूर तालुक्यात तरी टिकणारा नाही. जेथे दिवसातून दोनदा घराघरातून येणारे दूध लिटरावर आणि फॅटवर मोजले जाते, तेथे दिवसातून एकदा काठाला लागणारा मासा जात, वजन आणि आकार यांप्रमाणे लिहून ठेवणे अशक्य कसे? इंदापूर बाजार समितीच्या मासळी बाजारात लिलाव होतच आहेत, वजने होतच आहेत. अडचण मोजण्याची नसून मोजलेले उघड करण्याची आहे.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथे कलम सांगते की सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्याकडील माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतः होऊन प्रसिद्ध करावी. ठेक्याचा करारनामा, त्याची रक्कम, परवान्यांची यादी, बीजाची खरेदी, पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष, ही सर्व माहिती या कलमाच्या कक्षेत येते. समुद्रकाठी या दिशेने काही पावले तरी पडली आहेत. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिकी नौकांच्या मासेमारीस बंदी असते, आणि राज्य सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या सागरी माशांचे किमान आकार ठरवून दिले. त्या नियमांची अंमलबजावणी किती होते हा प्रश्न निराळा. पण तेथे निदान नियम बोट ठेवून दाखवता येतो. गोड्या पाण्यातल्या मच्छीमाराला मात्र कोणता मासा किती लहान असता धरू नये, हे जप्तीची वेळ आल्यावर कळते.

जगातही याच दिशेने विचार चालू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली लहान मच्छीमारांच्या हक्कांविषयी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. मासेमारीतील करार, परवाने आणि उत्पादन यांची माहिती जाहीर करण्याच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात सामील होऊन सेशेल्स या हिंदी महासागरातील छोट्या देशाने २०२१ साली आपला पहिला अहवाल प्रसिद्ध केला. जे एका बेटांच्या राष्ट्राला आपल्या समुद्राबाबत जमते, ते महाराष्ट्राला एका जलाशयाबाबत जमू नये, हे पटणारे नाही.

घरातील केर

परंतु पारदर्शकतेची मागणी सरकारकडे करताना चळवळीने स्वतःच्या घरातील केरही पाहिला पाहिजे. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना जलाशय मिळावेत, खासगी ठेकेदाराला मिळू नयेत, ही मागणी समाजवाद्यांनी सातत्याने केली आणि ती योग्यच आहे. तथापि महाराष्ट्रात ठिकठिकाणी असे दिसून येते की संस्था मच्छीमारांच्या नावाची असते, सभासदांत जाळे कधी हाती न धरलेली नावे असतात, आणि ठेक्याची रक्कम भरणारा व्यापारी पडद्याआडून सर्व व्यवहार चालवतो. सहकाराची पाटी लावलेली ही ठेकेदारीच होय. संस्थेचा अध्यक्ष ओळखीचा आहे, मोर्च्याला माणसे आणतो, म्हणून कार्यकर्ते तिचे ताळेबंद मागत नसतील, तर त्यांना मंत्रालयाकडे बोट दाखवण्याचा अधिकार राहत नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. जलाशयातील मासा घटला की ‘परप्रांतीयांना हाकला’ ही घोषणा सहज निघते. बाहेरून येणारा मच्छीमार बारीक जाळे टाकत असेल तर त्याला नियम लागू झालाच पाहिजे, आणि तोच नियम स्थानिकालाही लागू झाला पाहिजे. पण दूरच्या प्रांतातून येऊन काठावरच्या पालात राहणारा तो माणूसही कोणाच्या तरी उचलीवरच आलेला असतो. त्याला आणतो कोण, त्याचा मासा घेतो कोण, हा प्रश्न न विचारता त्याच्या पालावर दगड मारणे हे श्रमिकाने श्रमिकाचे नुकसान करणे आहे. काठावरच्या विस्थापितांचा हक्क प्रथम, हे तत्त्व कायद्याने मान्य करून घ्यावे. ते भाषेच्या वा प्रांताच्या द्वेषावर उभे करू नये.

तव्याचा धडा

हे सारे स्वप्नरंजन आहे, असे म्हणणाऱ्यांनी मध्य प्रदेशातील तवा जलाशयाकडे पाहावे. होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यात तवा धरणाने विस्थापित झालेल्या आदिवासींना त्यांच्याच बुडालेल्या जमिनीवरच्या पाण्यात मासे धरणे हा गुन्हा ठरला होता. आधी सरकारी महामंडळ आणि मागाहून खासगी ठेकेदार यांच्या हाती जलाशय होता. केसला येथील किसान आदिवासी संघटनेने, सुनील आणि राजनारायण या समाजवादी कार्यकर्त्यांच्या साथीने, याविरुद्ध लढा दिला, आणि १९९६ साली विस्थापितांच्या सहकारी संस्थांच्या ‘तवा मत्स्य संघा’ने मासेमारीचा हक्क मिळवला. संघाने दरसाल बीज सोडले, विणीच्या काळात स्वतः होऊन जाळी बाहेर ठेवली, चोरट्या मासेमारीवर पहारा बसवला आणि हिशेब सभासदांपुढे ठेवला. उत्पादन वाढले आणि मच्छीमाराच्या हाती पडणारा मोबदलाही वाढला. २००६ साली व्याघ्र प्रकल्पाचे कारण पुढे करून हा हक्क काढून घेण्यात आला; प्रयोग थांबवला गेला तो अपयशामुळे नव्हे.

यातून घेण्याजोगा धडा असा की निसर्गाची राखण करण्यास पोलीस लागतातच असे नाही. ज्याला उद्याच्या माशावर आपला हक्क आहे याची खात्री असते, तो आजचे पिलू सोडून देतो. ज्याला उद्या हा ठेका कोणाकडे जाईल हे माहीत नाही, तो पिलासकट सारे ओढून काढतो. हक्काची शाश्वती आणि हिशेबाचा उजेड या दोन गोष्टी एकत्र आल्या तरच जबाबदारी हा शब्द काठावर पोचतो.

मागण्या कोणत्या?

राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. विजेचे सवलतीचे दर, कर्ज आणि विमा यांचे लाभ त्यातून अपेक्षित आहेत. हे लाभ जाळे ओढणाऱ्यापर्यंत पोचतील की तळ्यांच्या आणि पिंजऱ्यांच्या मालकांपाशीच थांबतील, हे उजनीच्या काठावरचे संघटन किती जागे आहे यावर अवलंबून राहील. म्हणून कार्यकर्त्यांनी पुढील मागण्या घेऊन उभे राहावे.

जलाशयाची एक सार्वजनिक वही असावी. तीत बीज, उत्पादन, परवाने, ठेक्याची रक्कम आणि पाण्याच्या तपासणीचे आकडे दरमहा नोंदवले जावेत आणि काठावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत ती वाचावयास मिळावी. बीज सोडण्याची मोजणी मच्छीमारांच्या आणि ग्रामसभेने नेमलेल्या पंचांच्या समक्ष व्हावी. जाळ्याचा किमान आस आणि माशाचा किमान आकार मराठीत छापून प्रत्येक मासळी बाजारात लावावा आणि लहान मासा विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यावर पहिली कारवाई व्हावी. घेणाराच नसेल तर धरणाराही उरणार नाही. विणीच्या काळात मासेमारी बंद ठेवणाऱ्या कुटुंबांना त्या दिवसांचा निर्वाहभत्ता मिळावा. बारीक जाळी जाळण्याऐवजी ती बदलून मोठ्या आसाची द्यावीत. आणि दोन्ही महानगरपालिकांनी किती सांडपाणी शुद्ध करून सोडले, किती तसेच सोडले, याचा दाखला उजनीकाठच्या ग्रामपंचायतींना नियमाने पाठवावा.

यांपैकी पहिल्या मागणीसाठी कोणाच्याही परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी आणि १ मे या दिवशी ग्रामसभा होतात. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव या गावांपासून करमाळ्याच्या काठापर्यंत एकाच दिवशी एकच ठराव मांडता येईल, आणि त्यासोबत माहिती अधिकाराचा एकेक अर्ज प्रत्येक खात्याकडे पाठवता येईल. अर्जांची उत्तरे येतील तशी ती वहीत लिहावीत. जेथे उत्तर येणार नाही तेथे कोरी ओळ सोडून खात्याचे नाव लिहावे. उसाच्या काट्यावर भांडणाऱ्या या मुलखाला माशाच्या काट्यावर भांडणे अवघड जाऊ नये. फरक एवढाच आहे की ऊस पिकवणाऱ्याचे नाव सातबारावर असते. भीमेच्या पाण्यावर जगणाऱ्याचे नाव आजवर कोठेच लिहिलेले नाही. ते लिहिण्यापासून या कामाची सुरुवात व्हावी.